जाळीतून आलेले चेहरे

कोल्हापूरच्या रेल्वे स्थानकाजवळच्या परीख पुलाखालून पलीकडे गेले की राजारामपुरी लागते. इथल्या गल्ल्या आकड्यांनी ओळखल्या जातात. पत्ता सांगताना माणूस ‘पाचवी गल्ली’, ‘आठवी गल्ली’ असेच सांगतो. जुन्या शहरातल्या पेठा गरजेप्रमाणे वाढत गेल्या, ही वसाहत मात्र आखून वसवलेली आहे. तिला नाव मिळाले छत्रपती राजाराम महाराजांचे. ते १८९७ मध्ये जन्मले, १९२२ मध्ये शाहू महाराजांच्या निधनानंतर गादीवर आले आणि १९४० मध्ये वारले. महाराष्ट्रातल्या छापखान्यांत फोटो नवलाईचा होता तिथपासून तो रोजचा झाला तिथपर्यंतचा काळ याच त्रेचाळीस वर्षांत येतो.

या वस्तीतल्या शाळेच्या मुख्याध्यापकांच्या खोलीत जा, पतसंस्थेत जा, तालमीत डोकवा. भिंतीवर शाहू महाराज असतात. शेजारी महात्मा फुले आणि डॉ. आंबेडकर, कुठे टिळक, कुठे गांधीजी. तालमीत त्यांच्या जोडीला गदा घेतलेले पैलवानही असतात. या चेहऱ्यांची आपल्याला इतकी सवय झाली आहे की ते असेच होते, याबद्दल शंका येत नाही. पण यातला प्रत्येक चेहरा कुणीतरी एका काचेवर उतरवला, दुसऱ्याने त्या काचेवर पेन्सिल चालवली, तिसऱ्याने तो जस्तावर कोरला आणि चौथ्याने शाई लावून हलक्या कागदावर दाबला. या चौघांच्या हातांतून आणि त्या काळच्या रसायनांच्या मर्यादांतून जे शिल्लक राहिले, ते आपण त्या माणसाचे रूप म्हणून लक्षात ठेवले आहे. या प्रकरणात त्या प्रवासाचा माग काढायचा आहे.

सुरुवात काचेपासून करू.

मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी १८५४ मध्येच स्थापन झाली होती आणि डॉ. भाऊ दाजी लाड व त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी तिच्यात सक्रिय होते. पण त्या काळी काच जागेवरच ओल्या रसायनाने माखावी लागे आणि ती वाळायच्या आत फोटो घ्यावा लागे. ही कला हौशी श्रीमंतांच्या आणि मोजक्या धंदेवाईकांच्या हातात राहिली. १८८०च्या सुमारास जिलेटीनचा थर दिलेल्या तयार कोरड्या काचा बाजारात आल्या आणि फोटोचा धंदा गावोगाव पसरला. फुल प्लेट, हाफ प्लेट, क्वार्टर अशी मापे ठरून गेली. कोल्हापूरला रेल्वे १८९१ मध्ये आली. काच, कागद, रसायने हा सगळा नाजूक माल मुंबईहून आणणे त्यामुळे सोपे झाले.

त्या काचांचा एक गुण प्रत्येक वाचकाने ध्यानात ठेवावा असा आहे. त्या काचांना तांबडा रंग दिसत नसे. साध्या काचेला फक्त निळा-जांभळा प्रकाश कळायचा. पुढे आलेल्या ‘ऑर्थोक्रोमॅटिक’ काचेला हिरवा आणि पिवळाही कळू लागला, पण तांबडा नाहीच. म्हणूनच काच धुण्याच्या अंधाऱ्या खोलीत तांबडा दिवा खुशाल लावता येई. सर्व रंगांना दाद देणाऱ्या ‘पॅनक्रोमॅटिक’ काचा १९०६ मध्ये इंग्लंडमध्ये विकायला आल्या. त्या महाग होत्या आणि पूर्ण अंधारात चाचपडत धुवाव्या लागत. सर्वसाधारण स्टुडिओ पुढे कित्येक वर्षे जुन्याच काचांवर काम करत राहिले.

आता हे आपल्या माणसांना लावून पाहा. टिळकांची पगडी लाल होती, फोटोत ती काळी दिसते. मराठी माणसाच्या डोक्यावरचे फेटे, पागोटी, मंदील यांत लाल, केशरी, डाळिंबी रंगांची रेलचेल असे. काचेवर हे सगळे रंग गडद करड्या-काळ्या पट्ट्यात जाऊन बसत. निळा अंगरखा मात्र फिकट उतरायचा, आणि मागचे निळे आकाश तर कोरे पांढरे. आजकाल जुन्या फोटोंना संगणकावर रंग भरून ते फिरवले जातात. काळी दिसणारी गोष्ट मुळात काळीच होती, असे धरून भरलेला रंग इथे हमखास फसतो. फोटोवरून फेट्याचा रंग सांगता येत नाही. तो समकालीनांच्या वर्णनांतून किंवा जपून ठेवलेल्या वस्त्रांतूनच शोधावा लागतो.

फेट्याहून गंभीर गोष्ट कातडीची. आपल्या गव्हाळ, सावळ्या वर्णात तांबडी छटा मोठी असते. काचेला ती दिसत नसल्याने माणूस प्रत्यक्षाहून काळा उतरायचा. देवीचे व्रण, डोळ्यांखालची वर्तुळे, सुरकुत्या, सगळे खोल दिसायचे. गिऱ्हाइकाने ते स्वीकारणे शक्य नव्हते. मग ‘रिटचिंग’ आले. काचेवर विशिष्ट वार्निश लावून तिला किंचित खरखरीत करायचे आणि टोकदार पेन्सिलीने चेहऱ्याच्या भागावर बारीक बारीक रेघोट्या भरायच्या. निगेटिव्हवर जिथे शिसे चढते तिथून उजेड कमी जातो, म्हणून कागदावर ती जागा उजळ उठते. नको असलेला उजळ भाग चाकूने खरवडायचा. उत्तरेकडच्या काचेच्या छपरातून येणाऱ्या मऊ उजेडात घेतलेला फोटो आणि त्यावर पेन्सिल चालवणाऱ्या रिटचरचे तासभर काम, असे मिळून एक ‘पोर्ट्रेट’ पुरे होई.

या कसबाबद्दल मला आदर आहे, पण त्याचा एक परिणाम आपण मोकळेपणाने मांडला पाहिजे. त्या पिढीतल्या बहुतेक नामवंतांचा फोटोतला वर्ण हा पेन्सिलीचा वर्ण आहे. कोणत्या नेत्याला किती उजळ करायचे हे रिटचर आपल्या समजुतीने ठरवत असे, आणि ती समजूत समाजातल्या उजळ कातडीच्या हव्यासातूनच आलेली होती. गुळगुळीत गालांचे, एकसारख्या वर्णाचे पुढारी पाहून ‘जुनी माणसे किती तेजस्वी’ असे आपण म्हणतो, तेव्हा त्या तेजाचा बराच हिस्सा एका अनाम कारागिराचा असतो.

शाहू महाराजांचे दरबारी पोशाखातले फोटो वाचायला शिकण्यासारखे आहेत. महाराज १८७४ मध्ये जन्मले, १८८४ मध्ये दत्तक आले, १८९४ मध्ये अधिकारावर बसले आणि ६ मे १९२२ रोजी मुंबईत वारले. जेमतेम सत्तेचाळीस वर्षांचे आयुष्य. फोटोवर तारीख नसली तरी छातीवरची पदके बोलतात. जी.सी.एस.आय. हा किताब त्यांना १८९५ मध्ये मिळाला, जी.सी.व्ही.ओ. १९०३ मध्ये आणि जी.सी.आय.ई. १९११ मध्ये. छातीवर एखादे मानचिन्ह दिसले की फोटो त्या सालाच्या आधीचा नाही एवढे पक्के होते. चिन्ह नसले म्हणून तो आधीचाच, असे मात्र म्हणता येत नाही, कारण दर वेळी सगळी पदके घातली जात नसत. अशा साध्या तर्काने कितीतरी फोटोंचा क्रम लावता येतो.

दुसरे असे की या पोशाखी फोटोंचा उपयोग राजकीय होता. संस्थानिकाचा फोटो पोलिटिकल एजंटाकडे, गव्हर्नरकडे, इतर दरबारांकडे जाई. त्यात किती शिरपेच, किती मोती, तलवार कशी धरली, याला अर्थ होता. महाराजांची राहणी साधी होती, मल्लांत आणि शेतकऱ्यांत मिसळण्यात त्यांना आनंद वाटे, हे त्यांच्या समकालीनांनी लिहून ठेवले आहे. त्या महाराजांना भिंतीवरच्या जरतारी फोटोत शोधू नये. तो फोटो इंग्रज सत्तेशी बोलणाऱ्या राजाचा आहे, आणि त्या बोलण्यात दबून जायचे नाही हा निश्चय त्यातल्या बैठकीत दिसतो. वसतिगृहे काढणारा, १९०२ मध्ये मागासवर्गीयांसाठी नोकऱ्यांत पन्नास टक्के जागा राखणारा माणूस कॅमेऱ्यासमोर किती सावध बसला आहे, हे बघण्यासारखे आहे.

पोशाखाचा आणि पवित्र्याचा अर्थ किती दूर जाऊ शकतो याचे त्या काळातले सर्वांत गाजलेले उदाहरणही मराठी राजाचेच आहे, आणि त्याचे कोल्हापूरशी नाते आहे. राजाराम महाराजांच्या पत्नी ताराराणी या बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांची नात. १२ डिसेंबर १९११ रोजी दिल्ली दरबारात पाचव्या जॉर्जला मुजरा करण्याची पाळी आली तेव्हा सयाजीराव साध्या पांढऱ्या पोशाखात पुढे गेले, एकदाच वाकले आणि पाठ फिरवून परतले. बाकीचे संस्थानिक दागिन्यांनी मढून आले होते आणि मागे सरत परतत होते. हा प्रसंग चित्रफितीवर उतरला होता. ती फीत लंडनच्या चित्रगृहांत दाखवली गेली, आणि त्या काही क्षणांवरून तिथल्या वर्तमानपत्रांत राजद्रोहाची भाषा सुरू झाली. सयाजीरावांना व्हाइसरॉयकडे खुलाशाचे पत्र द्यावे लागले. स्टुडिओतल्या फोटोत राजा आपली मूर्ती आपण घडवू शकत होता. बातमीच्या कॅमेऱ्यापुढे ते त्याच्या हातात उरले नाही, आणि हा बदल हिंदुस्थानात सर्वांत आधी ज्यांना भोगावा लागला त्यांत सयाजीराव होते.

बातमीचा कॅमेरा आपल्याकडे आणला तोही एका मराठी स्टुडिओवाल्याने. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे सावेदादा, मुंबईत फोटोचा धंदा करत. १८९६ मध्ये ल्युमिएर बंधूंच्या चित्रफिती मुंबईत दाखवल्या गेल्या, त्या त्यांनी पाहिल्या आणि इंग्लंडहून कॅमेरा मागवला. त्यांची पहिली फीत हँगिंग गार्डनमधल्या कुस्तीची होती. कोल्हापूरकराला हे वाचून बरे वाटेल. पुढे १९०१ च्या डिसेंबरात रँग्लर र. पु. परांजपे केंब्रिजहून परतले तेव्हा मुंबईत त्यांचे जे स्वागत झाले, ते सावेदादांनी टिपले. राजा नसलेला, लष्करी अधिकारी नसलेला, केवळ गणितातल्या पराक्रमामुळे लोकांचा झालेला माणूस बातमी म्हणून कॅमेऱ्यात आला. भारतीय वृत्तचित्रणाची सुरुवात इथून धरली जाते.

काचेवरचा फोटो वर्तमानपत्रात कसा यायचा, हा या गोष्टीचा गाभा आहे.

छापखान्याच्या यंत्राला एकच गोष्ट येते: शाई लावणे किंवा न लावणे. काळा किंवा पांढरा. फोटोत तर करड्याच्या असंख्य छटा. १८८० च्या दशकात यावर युरोप-अमेरिकेत उपाय निघाला, तो ‘हाफटोन’. मूळ फोटोचा पुन्हा फोटो घ्यायचा, पण मध्ये आडव्या-उभ्या बारीक रेघांची काचेची जाळी ठेवायची. तिच्यामुळे चित्र ठिपक्यांत फुटते. सावलीत ठिपके मोठे, उजेडात बारीक. मग ते जस्ताच्या किंवा तांब्याच्या पत्र्यावर उतरवून आम्लाने मधली जागा खायला लावायची. पत्रा लाकडी ठोकळ्यावर ठोकून छपाईच्या अक्षरखिळ्यांच्या उंचीइतका केला की तो ‘ब्लॉक’ जुळाऱ्याच्या हातात, मजकुरासोबत फर्म्यात बसायला तयार. रांगोळीचे ठिपके लांबून पाहिले की जसे सलग दिसतात, तशी डोळ्यांची फसवणूक वाचताना होते.

जाळी किती दाट हे कागदावर ठरे. गुळगुळीत आर्ट पेपरवर इंचाला १३३ किंवा १५० रेघांची जाळी चाले. वर्तमानपत्राचा कागद शाई पितो, ठिपके एकमेकांत मिसळतात. तिथे ६५ च्या आसपासची जाडी जाळीच वापरावी लागे. एका इंचात ६५ ठिपके म्हणजे एका कॉलमात बसणाऱ्या चेहऱ्यावर डोळ्याच्या वाट्याला किती ठिपके येणार? बुबुळ, पापणी, कपाळावरची आठी हे सगळे एका डागात जमा होई. ब्लॉक करणारा मग फोटोच्या प्रतीवरच काळ्या-पांढऱ्या रंगाने भुवया ठळक करी, जबड्याची कड ओढी, मागचे सगळे कापून काढून डोके कोऱ्या जागेवर ठेवी.

माझे मत असे आहे की आपल्या सार्वजनिक माणसांची चेहरेपट्टी या जाड जाळीने ठरवली. तिच्यातून पगडी पार पडते, मिशा पार पडतात, चष्म्याची चौकट, उपरण्याची कड, फेट्याचा घेर पार पडतो. नजरेतला भाव पार पडत नाही. टिळक म्हणजे पगडी आणि मिशा, गोखले म्हणजे चष्मा आणि पगडी, शाहू महाराज म्हणजे फेटा आणि भरदार मिशा, ही ओळख आपल्या मनात इतकी घट्ट बसली त्यामागे त्या माणसांची सवय तर आहेच, पण त्या खुणा सोडून दुसरे काही छापलेच जात नव्हते हेही आहे. वर्षानुवर्षे एकाच पेहरावात वावरणारा पुढारी छापील चित्रात चटकन ओळखू येई. पेहराव बदलणाऱ्याला दर वेळी नावाचा आधार लागे.

ब्लॉक महाग असे. तो करण्याची सोय मोठ्या शहरांतच होती. तालुक्याच्या साप्ताहिकाला पुण्या-मुंबईहून तो करून आणावा लागे. म्हणून एकदा केलेला ब्लॉक छापखान्याच्या खणात जपला जाई, सत्काराला तोच, वाढदिवसाला तोच, आणि निधनाच्या बातमीलाही तोच. शेजारच्या पत्राला उसना दिला जाई. परिणामी माणूस म्हातारा झाला तरी वाचकांसाठी त्याचे वय थांबलेले राही.

या तंत्राच्या इतिहासातही एक मराठी नाव ठळक आहे. दादासाहेब फाळके आपल्याला ‘राजा हरिश्चंद्र’मुळे माहीत आहेत. पण त्याआधी त्यांनी सयाजीरावांच्या बडोद्यातल्या कलाभवनात फोटोचे शिक्षण घेतले, गोध्र्याला स्टुडिओ चालवून पाहिला, पुरातत्त्व खात्यात काम केले आणि मग लोणावळ्याला ब्लॉक व छपाईचा कारखाना काढला. त्यासाठी ते १९०९ मध्ये जर्मनीला जाऊन आले. तिकडे कलकत्त्यात उपेंद्रकिशोर रायचौधुरी १८९५ पासून हाफटोनवर स्वतंत्र प्रयोग करत होते आणि त्यांचे लेख इंग्लंडच्या मुद्रणविषयक वार्षिकात छापले जात होते. हिंदुस्थानात हे तंत्र नुसते विकत घेतले गेले नाही; इथल्या माणसांनी त्यात भरही घातली.

पुण्याच्या चित्रशाळेने १९१० मध्ये ‘चित्रमय जगत्’ सुरू केले. चित्रशाळा ही विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या काळातली, १८७८ ची संस्था. देवादिकांची आणि ऐतिहासिक पुरुषांची शिळाछापाची चित्रे हा तिचा लौकिक. त्याच छापखान्यातून आता चांगल्या कागदावर जगभरच्या घडामोडींचे फोटो मराठी घरात येऊ लागले. आदल्याच वर्षी, १९०९ मध्ये, का. र. मित्रांच्या ‘मनोरंजन’ने पहिला दिवाळी अंक काढला होता. मराठी वाचकाला छापील चेहरे नीट पाहता आले ते अशा मासिकांत. दैनिकातला चेहरा ओळखण्यापुरता, मासिकातला न्याहाळण्याजोगा. लोक मासिकांतली चित्रे कापून चौकटीत बसवत ती त्यामुळेच.

याच वेळी न्यूयॉर्कमध्ये जॉर्ज ग्रँथम बेन नावाचा माणूस हा उद्योग घाऊक प्रमाणावर करत होता. १८९८ मध्ये त्याने फोटो पुरवणारी वृत्तसंस्था काढली. राजकारणी, खेळाडू, नट, संप, बोटीतून उतरणारे पाहुणे, जे बातमीत येईल ते काचेवर घ्यायचे आणि वर्गणीदार पत्रांना पाठवायचे. त्याच्याकडच्या सुमारे चाळीस हजार काचा आज अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहेत. त्यांतली एक साधी पद्धत मला फार मोलाची वाटते. बहुतेक काचांच्या कडेला माणसाचे नाव हाताने उलट्या अक्षरांत लिहिलेले असते. छाप काढला की ते सुलट, पांढरे उमटते. घाईत लिहिल्याने चुका असत, तरी नाव असे. आपल्याकडे उत्तम फोटो झाले आणि नावे लिहायची राहिली. ग्रुप फोटोत मधल्या खुर्चीवरचा पाहुणा कळतो. मागच्या रांगेत उभे असलेले, जमिनीवर मांडी घालून बसलेले, ज्यांनी ती परिषद उभी केली ते कार्यकर्ते अनाम राहतात. बहुजन चळवळीचा इतिहास लिहिणाऱ्याला ही उणीव पावलोपावली जाणवते.

१ ऑगस्ट १९२० रोजी मुंबईच्या सरदारगृहात टिळक वारले. त्यांचा देह पद्मासनात बसवून लोकांच्या दर्शनासाठी ठेवला गेला आणि चौपाटीवर, स्मशानाबाहेर, खास परवानगीने दहन झाले. त्या बैठकीतला फोटो महाराष्ट्रभर छापला गेला. मृत्यूनंतरच्या देहाला दिलेली ती मुद्रा कॅमेऱ्यासाठी नव्हती. पण ती घराघरांत पोहोचली ती कॅमेऱ्यामुळे. आदल्या वर्षी अमृतसरच्या हत्याकांडानंतर मुंबईचे छायाचित्रकार नारायण विनायक विरकर जालियनवाला बागेत गेले होते. भिंतीवरच्या गोळ्यांच्या खुणा आणि त्यांच्याकडे बोट दाखवणारी माणसे त्यांनी काचेवर घेतली. विरकर हे मूळचे स्टुडिओतले, पुढाऱ्यांची पोर्ट्रेट करणारे. पोर्ट्रेटचे शिस्तशीर डोळे घेऊन ते त्या भिंतीपुढे उभे राहिले, आणि ते फोटो पुरावा ठरले. मराठी फोटोग्राफीच्या इतिहासात त्यांना मिळायला हवी तेवढी जागा अजून मिळालेली नाही.

आता परत कोल्हापूरला येऊ, कारण काचेच्या आणि ब्लॉकच्या वाटेत जे गळले ते परत भरून काढणारे हात इथे होते.

शाहू महाराजांच्या आश्रयाला असलेले चित्रकार आबालाल रहिमान १९३१ पर्यंत हयात होते. आनंदराव आणि बाबूराव पेंटर हे मेस्त्री घराण्यातले चुलतभाऊ नाटकांचे पडदे रंगवत. स्टुडिओत पाठीमागे लावायचा रंगीत पडदा, फोटोची मोठी केलेली ‘ब्रोमाइड’ प्रत आणि तिच्यावर रंग भरून केलेले तैलचित्र, ही सगळी कामे चित्रकाराच्याच हातची. या गावात चित्रकार आणि फोटोग्राफर यांच्यात भिंत नव्हती. फोटोत काळा उतरलेला फेटा चित्रकाराला ठाऊक असे, कारण त्याने तो प्रत्यक्ष पाहिलेला असे. डोळ्यांतला भाव तो स्मरणातून परत घाली. भिंतीवरची कोल्हापुरी पोर्ट्रेट फोटोवरून केलेली असूनही फोटोपेक्षा जिवंत वाटतात त्याचे कारण हे आहे.

आनंदराव १९१६ मध्ये अकाली गेले. बाबूरावांनी पुढे दादा मिस्त्रींच्या मदतीने चलच्चित्रांचा कॅमेरा स्वतः तयार केला, महाराष्ट्र फिल्म कंपनी उभारली. १९२० मध्ये त्यांची ‘सैरंध्री’ आली, तेव्हा टिळकांनी त्यांना ‘सिनेमा केसरी’ म्हटले. लोखंडी तुकडे घासून कॅमेरा बनवणारा हा माणूस पोर्ट्रेटही करी, पुतळेही घडवी. कोल्हापुरातले आणखी एक चित्रकार, दत्तोबा दळवी, यांच्यामार्फत शाहू महाराज आणि तरुण डॉ. आंबेडकर यांची ओळख झाली. त्यातून मार्च १९२० ची माणगाव परिषद आणि ‘मूकनायक’ला महाराजांचे साहाय्य या घटना घडल्या. चित्रकाराचा या गावातला वावर कुठपर्यंत होता याची यावरून कल्पना यावी.

चेहरे पुढे पुतळ्यांत गेले. बिंदू चौकात ९ डिसेंबर १९५० रोजी महात्मा फुले आणि डॉ. आंबेडकर यांचे पुतळे बसवले गेले. शिल्पकार बाळासाहेब चव्हाण. आंबेडकर तेव्हा हयात होते, फुल्यांना जाऊन साठ वर्षे झाली होती. एका चेहऱ्यासाठी शिल्पकाराच्या काळात जिवंत माणूस होता, दुसऱ्यासाठी जुनी चित्रे. दोन्ही पुतळे शेजारी पाहताना हा फरक मनात ठेवून पाहावे.

राजारामपुरी वसत होती तोवर तंत्र पुन्हा बदलले. १९२५ मध्ये लायका आला, छोटा आणि फिल्म घालायचा. १९३० च्या आसपास मॅग्नेशियमच्या भुकटीचा भडका आणि धूर जाऊन काचेचा फ्लॅश-बल्ब आला. १९३२ मध्ये कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेल्या ना. भि. परुळेकरांनी पुण्यात ‘सकाळ’ काढला आणि मराठी दैनिकाला अमेरिकी धर्तीची बातमीदारी दाखवली. पुढारी आता बोलताना, हसताना, जेवताना दिसू लागले. स्थिर बसलेल्या चेहऱ्याचे युग संपत आले. त्याच सुमारास कोल्हापूर चित्रपटांची पेठ झाले, आणि चेहऱ्यावर उजेड कसा टाकायचा हे जाणणारी माणसे इथे पुष्कळ झाली. राजारामपुरीतच राहिलेले चंद्रकांत मांढरे त्या परंपरेतले. पडद्यावरचे नट आणि हाताने चित्रकार. पावडर शेडिंगची त्यांची निसर्गचित्रे त्यांच्या राहत्या घरात झालेल्या संग्रहालयात पाहायला मिळतात. करड्याच्या किती छटा असू शकतात हे त्या चित्रांत कळते, आणि ६५ रेघांच्या जाळीत काय हरवत होते याचाही अंदाज येतो.

वाचकांना शेवटी एक विनंती आहे. कोल्हापुरातल्या जुन्या घरांत, बंद पडलेल्या स्टुडिओंत, छापखान्यांच्या पोटमाळ्यावर काचेच्या निगेटिव्ह आणि जस्ताचे ब्लॉक अजून असतील. ते भंगारात घालू नका. काचा एकावर एक आडव्या रचू नका, वजनाने तडकतात; प्रत्येक काच वेगळ्या कागदी पाकिटात घालून उभी ठेवा. चकाकी नसलेली बाजू ही चित्राची बाजू, तिला बोट किंवा ओले फडके लावू नका. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांचा अनुभव असलेल्या शहराने हे सगळे वरच्या मजल्यावर ठेवावे. काचा भिजल्याच, तर एकमेकींना चिकटून वाळू देऊ नका. गार स्वच्छ पाण्यातून एकेक काढून उभी वाळवा. घरात ग्रुप फोटो असेल तर आजच वडीलधाऱ्यांना घेऊन बसा आणि फोटोची झेरॉक्स काढून तिच्यावर डावीकडून उजवीकडे प्रत्येकाचे नाव, गाव आणि साल लिहा. मूळ फोटोच्या मागे लिहायचे असेल तर शाईने नको, मऊ पेन्सिलीने, कडेला लिहा. मागच्या रांगेतली नावे आधी विचारा.